थुंकणारं इंजिन

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नावाड्याच्या होडीचं इंजिन चक्क माणसांवर थुंकत होतं! चालू इंजिनाचं झाकण काढून जो वाकून बघे, त्याच्या तोंडावर पेट्रोलचा फवारा. आधी नावाडी, मग पोस्टमन, मग खुद्द हेडमास्तर.

"पापी माणूस बरोब्बर ओळखतं," गावात मुक्कामाला आलेले एक महाराज डोळे मिटून म्हणाले. "आत बुडालेल्या खलाशाचा आत्मा आहे. तीन पिढ्यांचा तहानलेला!"

"तहानलेला आहे तर थुंकतो कशाला?"

ही नावाड्याची थोरली बहीण. गावातली झाडून सगळी इंजिनं तीच दुरुस्त करायची. नावाडी ओशाळला. "ताई, गप ना गं!"

महाराजांनी बाजूने हात घालून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळवा दाबला. "फट् फट् फटाक्, शांत!" इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं. लोकांनी हात जोडले.

"तात्पुरता निजलाय. इंजिन माझ्या हवाली कर, खोल पाण्यात बुडवतो."

इंजिन गेलं की आयुष्यभर वल्हीच मारायची. तरी बिचारा नावाडी पाना घेऊन वाकलाच.

ताईने पाना हिसकावला. "आधी दोरी ओढ."

इंजिन फटफटलं. ताईने पायातली रबरी चप्पल काढून त्याच तोंडावर दाबली. इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प!

"घ्या! माझी चप्पलही सिद्धपुरुष निघाली. अहो, इंजिन ह्याच तोंडाने हवा ओढतं. हवाच कोंडली तर ते चालेल कसं?"

पोस्टमन खो-खो हसत सुटला. "महाराज, आता तुम्ही समोरून बघा ना!"

"माझी ध्यानाची वेळ झाली..." पण हेडमास्तरांनी दंड धरून त्यांना वाकवलं. नावाड्याने दोरी ओढली. फुस्स! दाढी पेट्रोलने चिंब.

ताईने इंजिन बंद करून स्क्रू सोडले आणि आतल्या पातळ पोलादी पात्या काढून दाखवल्या. "हा रीड व्हॉल्व्ह. आत उघडणारं दार समजा. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, परत जाऊ द्यायचं नाही. ह्या पातीचा टवका उडालाय, म्हणून ते उलटं बाहेर येतं. समोर पापी असो की पुण्यवान."

नावाड्याने तुटक्या पातीवरून बोट फिरवलं. "आणि मी ह्यापायी इंजिन देऊन बसलो असतो!"

महाराज केव्हाच सटकले होते.

"घाबरलात तरी चालेल," ताई गर्दीला म्हणाली, "पण घाबरून डोळे मिटू नका. उघडून बघा. कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा."

दुपारी नवी पाती बसली आणि पहिल्याच खेपेला हेडमास्तर इंजिनाशेजारी जाऊन बसले.