चादरीचं दुसरं टोक

बायको गेल्यावर लाँड्रीत पहिला घोळ झाला तो चादरीचा.

आमच्याकडे दवाखान्याच्या चादरी धुवायला येतात. लांबरुंद असतात, एकट्या माणसाच्या हाताला आवरत नाहीत. घडी घालायला दोघं लागतात. इतकी वर्षं मी आणि ती होतो. आता तिच्या जागी तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, आला. त्याने दोन टोकं धरली, मी दोन धरली. चादर झटकली, ताणली, आणि दोघेही उभेच राहिलो.

"या ना, भावोजी."

"कुठे?"

"इकडे. टोकं द्यायला."

"तू यायचं असतं."

"मी कशाला? मी पाहुणा माणूस. घरचे तुम्ही."

चादर मध्ये ताठ. शेवटी तोच कंटाळून आला.

तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, की घडी घालताना मी चालत नाही. मी भिंतीशी उभा राहायचो. चालायची ती. माझ्याकडे यायची, टोकं हातात द्यायची, वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे जायची, पुन्हा यायची. आणि येताना काहीतरी गुणगुणायची. शब्द नसायचे त्याला, नुसता सूर.

तो सूर मला छळायला लागला. सुरुवात आठवायची, मधलं आठवायचं, पण शेवट कसा व्हायचा ते काही केल्या आठवेना. रोज कानावर पडलेली गोष्ट! आज शेवट गेला, उद्या मधलं जाईल, मग तिचा आवाजही जाईल. मग माझ्याकडे तिचं राहिलं काय? इस्त्री करता करता मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो आणि दर वेळी वेगळाच शेवट व्हायचा. एकही तिचा वाटायचा नाही.

मेहुण्याला विचारलं. त्याने म्हणून दाखवलं ते भलतंच होतं. लेकीला विचारलं, तर तिने तिसरंच काढलं.

"मामा, तुझा कान लाकडाचा आहे," ती म्हणाली.

"आणि तुझा? आई गायला लागली की तू भोकाड पसरायचीस. तुला काय ऐकू आलं असणार!"

दोघं भांडत बसले. मी आपला आणखीच गोंधळलो. तिघांच्या घरात तीन वेगळ्या बायका होत्या की काय?

मग लेकीनेच एका वर्गाचं काढलं. रविवारी सकाळी शाळेच्या व्यायामाच्या खोलीत घरातलं माणूस गमावलेले लोक जमतात, संगीत लावून अंग हलवतात, गेलेल्याची गोष्ट सांगतात.

"म्हणजे नाचायचं?"

"नाचच असं काही नाही, बाबा."

"मग कवायत?"

"तुम्ही जा तरी एकदा."

मेहुणा म्हणाला, "जा, भावोजी. स्वतःच्या लग्नात पाय हलवला नाहीत म्हणून ताई जन्मभर टोमणे मारत होती. आता तरी ऐका तिचं."

गेलो. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी संथ वाजणारं काहीतरी लावलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. तुमचं माणूस जसं चालायचं, तसं चालून बघा."

माझ्या शेजारी एक बसचालक होता. त्याचा थोरला भाऊ वारला होता. तो लंगडत निघाला आणि मध्येच थांबला. "भाऊ लंगडायचा की नाही, आता आठवत नाही हो," तो म्हणाला. "गुडघा माझाच दुखतो."

"असू दे. चाला तसेच," बाई म्हणाल्या.

मी टोकं धरल्यासारखे हात पुढे केले. पण पाय उचलेना. मी तिला नेहमी समोरून, माझ्याकडे येतानाच पाहिलेलं. तसं चालायचं, तर समोर मी उभा असायला हवा. मग चालणार कोण?

बाई जवळ आल्या. "काय धरलंय हातात?"

"चादर."

त्या हसल्या नाहीत. "दुसरं टोक मी धरू?"

"नको," मी तुटकपणे म्हणालो. मग वाईट वाटलं. "त्यापेक्षा तुम्ही भिंतीशी उभ्या राहा. माझ्या जागी. मी येतो."

त्या उभ्या राहिल्या, हात पुढे करून. मी निघालो. पाऊल पडलं तसा सूर आपोआप ओठावर आला. सुरुवात झाली, मधलं झालं, आणि माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. सूर तिथेच थांबला, अर्ध्यावर.

"धरा," माझ्या तोंडून निघालं.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे नाही."

खरंच नव्हतं. ती माझ्यापाशी पोचली की गुणगुणणं टाकून "धरा" म्हणायची, वाकायची, मागे जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. जे कधी झालंच नाही, ते मी इतके दिवस शोधत होतो.

हे सगळं मी तिथे गोष्ट म्हणून सांगितलं. सांगताना मात्र "ती उभी असायची, मी जायचो" असं उलटंच निघत होतं, आणि मी परत परत चूक सुधारत होतो. घरी येताना बरं वाटायला हवं होतं. पण मध्येच मनात आलं, सूर खरंच तिथे थांबायचा, की आज मीच तो तिथे थांबवला? विचारू कोणाला?

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत चादर झटकली. आज आपण चालायचं, असं मी ठरवलं होतं. मेहुण्याला सांगायचं तेवढं राहिलं. मी माझा सूर धरून निघालो. त्यानेही मनाशी काही ठरवलं असावं, कारण तोही त्याचा तो भलता सूर म्हणत समोरून निघाला. मधोमध कपाळाला कपाळ आपटलं. दोन्ही सूर बंद. चादर फरशीवर.

"धरा," तो म्हणाला. कपाळ चोळत होता. हात रिकामा होता तरी पुढे केला होता.

"तुला कोणी सांगितलं, ती असं म्हणायची?"

"कोण ती? मी तर चादर धरा म्हणतोय."

मी टोकं उचलून त्याच्या हातात दिली. आम्ही इतके जवळ होतो की त्याचा श्वास लागत होता. त्याच्या हनुवटीची ठेवण अगदी तिच्यासारखी आहे, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

"भावोजी," तो म्हणाला, "आता मागे कोण जाणार?"

आम्ही तसेच उभे राहिलो.