मूळ प्रतीतलं पत्र

सोमवारी सकाळी सव्वानऊला विमा कचेरीच्या चारही मजल्यांवर एकच पत्र वाचलं जात होतं, आणि ते जिनं लिहिलं होतं ती तळघरात चहात बिस्कीट बुडवत बसली होती. तिला अजून पत्ता नव्हता.

तिला सगळे ताई म्हणत. वय अठ्ठावन्न, नोकरी पस्तीस वर्षांची. ती लागली तेव्हा याच इमारतीत टाइपरायटरचा कडकडाट चालायचा आणि तिची बोटं साऱ्या मजल्यावर सर्वांत वेगानं पळणारी होती. पुढे टेबलाटेबलावर संगणक आले. तेव्हा बायका घरून त्यांच्यासाठी शिवलेल्या खोळी आणायच्या, कडेला मुलांचे फोटो चिकटवायच्या, माझा बरा आहे, तुझा सारखा आजारी पडतो, असं लेकरांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायच्या. मग ते सगळे संगणक गेले. आता टेबलावर नुसता स्क्रीन, कीबोर्ड आणि मागे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. खरा संगणक तळघरातल्या थंडगार खोलीत. माणसानं वर बसून नाव आणि पासवर्ड टाकला की खाली त्याच्यासाठी एक संगणक उभा राहायचा, आणि तो घरी जायला निघाला की पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा, कोरा.

हे सहाशे चाळीस संगणक ज्या एका नमुन्यावरून निघत त्याला मूळ प्रत म्हणत. ती सांभाळायचं काम आता ताईकडे होतं, आणि तिच्या हाताखालच्या मंडळींनी त्या प्रतीचं नाव सासूबाई ठेवलं होतं. सासूबाईंच्या कपाटात जे असेल तेच सगळ्या सुनांना मिळणार, त्यात आवडनिवड नाही. महिन्यातून एका रविवारी ताई एकटी येऊन सासूबाईंचं कपाट आवरायची. नवे प्रोग्राम घालायचे, जुने काढायचे, तपासायचं आणि कुलूप लावायचं. सोमवारी ते सगळ्यांना पोचायचं. काही सुटू नये म्हणून तिनं सतरा कलमांची यादी केली होती. ती यादी ती मूळ प्रतीतच उघडून ठेवायची. सतरावं कलम होतं, ही यादी पुसणे. नऊ वर्षांत एकदाही चूक नाही. काल रविवारीही तिनं सतराच्या सतरा कलमं नीट केली.

पत्र यादीत नव्हतं.

झालं होतं असं, की दाव्यांचा नवा प्रोग्राम बसायला दीड तास लागणार होता. निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती, कचेरीत चिटपाखरू नव्हतं. जे पत्र अकरा वर्षं तिच्या पोटात होतं, ते हातात पेन घेतलं की अडायचं. काल बोटं कीबोर्डवर होती, आणि बोटांना सवय होती. तिथेच, मूळ प्रतीत, एका बैठकीत लिहून झालं. फाइलला नाव दिलं ‘ठमी’. घरी न्यायचं, छापायचं, हिंमत झाली तर द्यायचं, असं मनात होतं. तेवढ्यात पट्टी भरली, यंत्र बंद होऊन सुरू झालं, तपासणी लागली, आणि ताई आपली यादी घेऊन बसली.

चष्मेवाला धावत आला. तो फोन घ्यायला बसायचा. जाड भिंगांमुळे हे नाव पडलेलं, आणि तोही आता त्याच नावानं ओ द्यायचा.

“ताई, वरून फोनावर फोन येताहेत. पहिला म्हणाला, आमच्या स्क्रीनवर कुणाची तरी ठमी आलीय, आमची नाही, घेऊन जा. मला वाटलं चेष्टा करतोय.”

बिस्कीट कपात पडलं.

“वाचलंस तू?” ताईनं विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “वाचलं. काल तुम्हीच होता ना.”

“मीच होते.”

पत्र असं होतं:

‘ठमे, आई गेली त्या आठवड्यात तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी म्हटलं, बरी आहे, झोपलीय, घाईनं येऊ नकोस. ती झोपलेली नव्हती. तुला हाका मारत होती. सहा वर्षं तिचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी मी केलं, आणि शेवटी तिच्या तोंडी तुझं नाव. ते मला सोसलं नाही. मागाहून तू विचारलंस, तिनं माझी आठवण काढली का. मी म्हटलं, एकदाही नाही. तुझ्या लग्नावरून झालेल्या भांडणाचा राग मनात ठेवून ती गेली, असं मी तुला वाटू दिलं. तुझं लग्न तिनं कधीच पोटात घातलं होतं…’

असंच पुढे दोन-अडीच पानं. खाली, ‘तुझी ताई.’

ठमी हे घरातलं नाव, आणि ताई तर घरोघरी असते; वर कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. फक्त एका बाईला कळणार होतं. ठमी याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दावे तपासायला बसायची.

पाच वर्षांपूर्वी तिची छोटी कचेरी या मोठ्या कचेरीत विलीन झाली, तेव्हा दोघी बहिणी एका छपराखाली आल्या. आडनावं वेगळी, चेहरे वेगळे, आई गेल्यापासून बोलणं नाही. इथे कुणालाच माहीत नव्हतं. ताईच्या स्क्रीनवर कचेरीतल्या प्रत्येक माणसाची एक ओळ असायची. माणूस कामाला बसला की ओळ हिरवी. सकाळी आठ बावन्नला ठमीची ओळ हिरवी व्हायची आणि ताईचा जीव जागेवर यायचा. मागच्या पावसाळ्यात ती ओळ बारा दिवस करडी राहिली, तेव्हा ताईला अन्न गोड लागलं नव्हतं. तेराव्या दिवशी ओळ हिरवी झाली, आणि काय झालं होतं ते विचारायचं तोंड तिच्यापाशी नव्हतं.

साहेब तळघरात आले. ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि ओरडायचे नाहीत. ते अधिक लागायचं.

“हे कुणाचं?”

“माझं. चुकून राहिलं.”

“ठमी कोण?”

“घरची आहे.”

साहेब म्हणाले, “बाराच्या आत हे कुठल्याही स्क्रीनवर दिसता कामा नये. बाकीचं मग बघू.”

मागच्या महिन्याची मूळ प्रत पुढे आणायला दहा मिनिटं लागली. पण जे आधीच कामाला बसले होते, त्यांच्यापुढे कालचीच प्रत राहणार होती, त्यांनी स्वतः बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत. ताईनं सगळ्यांच्या स्क्रीनवर सूचना पाठवली. कालच्या प्रतीवरची माणसं गळायला लागली. चारशे, नव्वद, बारा. अकरा वाजता एकच ओळ उरली. दुसरा मजला.

फोन वाजला. चष्मेवाल्यानं घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, “दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आहेत. म्हणतात, ज्यांना नीट माहीत आहे त्यांच्याकडे द्या.”

ताईनं रिसीव्हर कानाला लावला.

“आयटी का?”

अकरा वर्षांनी तो आवाज. थोडा जाड झालेला.

“हो. बोला.”

पलीकडे पेन टेबलावर पडलं. मग आवाज आला तो अगदी हिशेबानं.

“माझ्या स्क्रीनवर एक फाइल आहे. मशीन बंद केलं की ती जाणार का?”

“जाणार.”

“पुन्हा मिळणार नाही?”

“नाही. पुसायला सांगितलंय.”

“मला ती हवी आहे.”

“मी पाठवते. पाकिटात घालून, किंवा…”

“तुम्ही काही पाठवू नका.” मग हळूच, “प्रिंटर इथे सगळ्यांच्या मधोमध आहे. सकाळपासून मोठ्यानं वाचन चाललंय. एकीनं तर रडून घेतलं, मग पर्स उघडून आरशात बघितलं. मी हातानं उतरवून घेते. अर्धा तास लागेल.”

“घ्या. तोवर मी बंद होऊ देणार नाही.”

“एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“यात लिहिलंय, हाका मारत होती. शेवटी काय झालं ते लिहिलेलं नाही. हाका मारतच गेली का?”

ताईला खोटं सांगता आलं असतं. अशाच फोनच्या तारेवर तिनं पूर्वी तीनदा सांगितलं होतं, तेव्हा जीभ अडखळली नव्हती. तिनं चष्मेवाल्याकडे पाठ केली.

“शेवटच्या दुपारी तिला दिसेनासं झालं होतं. म्हणाली, ठमी आली का गं. मी म्हटलं, आले आई. तिनं माझं डोकं जवळ ओढलं. केसांवरून हात फिरवला. म्हणाली, भांडलीस ती भांडलीस, आता जेवून जा. मग काही बोलली नाही. शांत गेली.”

पलीकडे कुणीतरी मोठ्यानं हसलं, खुर्ची सरकली, कुणी कुणाला फाइल मागितली. त्या गडबडीतून ठमीचा आवाज आला, हिशेब सुटलेला.

“म्हणजे माझ्या वाटणीचं तेवढंही तूच घेतलंस.”

फोन ठेवला गेला.

साहेब साडेअकराला पुन्हा खाली आले. “अजून एक दिसतेय. बटण आहे ना तुमच्याकडे, करा बंद.”

“काम अर्धवट आहे त्यांचं. वाया जाईल.”

“कसलं काम?”

“दाव्याचं,” ताई म्हणाली. “फोन आला होता. बाराच्या आत होईल.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ते गेले. ते बटण तिनं आजवर शेकडो लोकांवर दाबलं होतं. जेवायला गेलेले, बंद करायला विसरलेले, रजेवर पळालेले. आज तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ओळीच्या शेवटी एक आकडा असायचा, माणसानं कीबोर्डला हात लावून किती मिनिटं झाली त्याचा. ठमी हातानं लिहीत होती, म्हणून आकडा वाढत होता. सहा, सात, आठ. मग एकदम शून्य. पान सरकलं. ताईला पत्रातली ओळन् ओळ पाठ होती, त्यामुळे ठमी कुठे पोचली ते तिला कळत होतं. आता औषधाच्या बाटल्या. आता लग्नाचं. नऊ, दहा, पुन्हा शून्य. शेवटचं अर्धं पान चार मिनिटांत उतरून होणारं होतं. चार झाली. आठ झाली. चौदा झाली. चष्मेवाल्यानं न विचारता नवा चहा आणून ठेवला आणि कुणालातरी फोनवर, “हो हो, गेली ठमी, मिळाली बहुतेक तिच्या ताईला,” असं सांगितलं.

बाराला सहा मिनिटं कमी असताना ओळ करडी झाली. ताईनं कालची मूळ प्रत पुसली. खरंच पुसायची का, असा प्रश्न स्क्रीननं दोनदा विचारला. तिनं दोनदा हो म्हटलं.

थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा हिरवी झाली, मागच्या महिन्याच्या स्वच्छ प्रतीवर. दुपारभर हिरवीच राहिली. आकडा दोन-तीनच्या वर गेला नाही. ठमी दावे तपासत होती. एखाद्या ओळीवर निरोप पाठवायची सोय ताईकडे होती, चार शब्द टाइप केले की समोरच्याच्या स्क्रीनवर उघडायचे. ती सोय तिनं दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली.

साडेपाचला ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. माणसं घोळक्यानं बाहेर पडत होती. ठमी आली. केस बरेच पांढरे झालेले, पर्स छातीशी दोन्ही हातांनी धरलेली. बरोबर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण होती, सकाळचंच बोलणं चालू.

“मी असते ना, तर त्या ताईला दारात उभी केली नसती. काय गं, तू केली असतीस?”

“बघू नंतर,” ठमी म्हणाली. “आधी रस्ता बघ, खड्डा आहे.”

मैत्रिणीचं लक्ष ताईकडे गेलं. ओळखीचं हसून तिनं विचारलं, “तुम्ही तळघरातल्या ना? सापडली का हो मग ती ठमी?”

ठमी थांबली. तिनं ताईकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते, आणि ती नजर हटवत नव्हती. आईचे डोळे तिलाच मिळाले होते, घरात सगळे तसंच म्हणायचे. ताई हो म्हणाली असती, तर उद्या सकाळी साऱ्या दुसऱ्या मजल्यानं ठमीच्या टेबलाभोवती गर्दी केली असती. आणि एक हो म्हणायला ताई अकरा वर्षं तळमळत होती.

“नाही,” ताई म्हणाली. “इथली कुणी नसावी.”

मैत्रीण चुकचुकली. ठमीनं पर्स आणखी घट्ट धरली आणि तिला म्हणाली, “चल, बस जाईल.”

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. बसला गर्दी होती. ठमीला खिडकीपाशी जागा मिळाली, पण ती फाटकाच्या बाजूची नव्हती. बस वळली तरी ताई तिथेच उभी होती. पहारेकऱ्यानं विचारलं, “कुणाची वाट बघताय, ताई?” तेव्हा ती म्हणाली, “नाही रे, निघालेच,” आणि पाय हलेपर्यंत तशीच थांबली.