लाभ, दोन, तीन

माझी मुलगी भूमिका पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि मी इकडे केशोरीत. मधे गोंदियापर्यंतची बस, मग एक दिवस-रात्रीची रेल्वे. पण ते अंतर मला कधी जड गेलं नाही. जड गेले ते आमचे फोन, जे महिन्यागणिक आखडत चालले होते.

"जेवली का?"

"जेवली. तू?"

"जेवली."

"बाबा?"

"वावरात."

"बरं, ठेवतो आई, मीटिंग आहे."

झालं. फोनवर लिहून यायचं, अडतीस सेकंद. मी घरी शिलाई करते. ब्लाउजला एक हूक लावायलाही याहून जास्त वेळ लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आली, त्यातले दोन दिवस लॅपटॉपसमोर. मी सहज विचारलं, "तू दिवसभर करतं तरी काय त्याच्यात?" मान वर न करता म्हणाली, "तुले नाही समजनार आई." तिने हिणवून म्हटलं नव्हतं, ते मला माहीत आहे. तरी झोंबलं. हिच्या हाताला धरून पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं, आणि बारावीला मला इंग्रजीत त्रेसष्ट मार्क होते. कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

ती गेल्यावर मी तिचा डिप्लोमाच्या वेळचा लॅपटॉप पेटीतून काढला. बॅटरी मेलेली. वायर खोचलेली असेल तरच चालतो, लाइन गेली की हाही गेला. उघडला तर तिच्याच नावाचं एक पान पुढे आलं: जावास्क्रिप्ट, लूपचे वीस सराव. मी लगेच फोन लावला.

"हे लूपचं हाये ना, ते मले शिकव."

"कायले?"

"कायले म्हंजे? शिकाचं हाये."

"आई, तुले नोकरी कराची आहे का?"

"तू शिकवतं का नाही, ते सांग."

ती थोडी हसली. मग तिने तिथूनच आपली जुनी उत्तरं पुसून मला पान कोरं करून दिलं. "अकाउंट माह्याच नावाचं राहू दे. इकडून उघडलं का तू काय लिवलं, काय खोडलं, सारं मले दिसते. तुले अडलं तर सांगाले सोपं." उत्तर लिहायचं आणि तपासायचं बटण दाबायचं. बरोबर असलं तर सरावाच्या आकड्यापुढे हिरवी खूण येते, चुकलं तर लाल फुली. खाली बारीक अक्षरात शेवटचा बदल कधी झाला ती वेळ येते.

लूप म्हणजे काय, तेही तिने फोनवरच सांगितलं. "तीन गोष्टी ध्यानात ठेव. कुठून सुरू कराचं, कुठं थांबाचं, न दर फेरीले कितीनं पुढं जाचं. आकडा ज्याच्यात राहते त्याले आय म्हनतात. बस, एवढंच."

एवढंच असेल तर माझ्या बापाने जन्मभर हेच केलं. माझ्या माहेरी, दवनीवाड्याला, तो लोकांच्या खळ्यावर धान मोजून द्यायचा. कुडव, म्हणजे धानाचं माप, भरायचा, ओतायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. वीस कुडव झाले की एक खंडी. खंडीचा एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. फक्त तो 'एक' कधी म्हणाला नाही. आमच्याकडे धान मोजताना एक म्हणतच नाहीत. पहिला कुडव म्हणजे लाभ. लाभ, दोन, तीन, चार. मी लहानपणी पोत्याचं तोंड धरून बसायची आणि त्याच्या मागून म्हणायची. पुढे भूमिकाही बसली, त्याच खळ्यावर, त्याच्याचजवळ. तिचा तो आबा.

पहिले दोन सराव तिने सांगितले तसे उतरवले. तिसरा माझा मी केला. एक ते दहा आकड्यांची बेरीज करायची होती. लाल फुली आली. त्यांचं उत्तर पंचावन्न, माझं चोपन्न. बोटांवर मोजलं, वहीवर मोजलं, पंचावन्नच. मग यंत्राला काय झालं? यंत्रालाच चार शिव्या दिल्या आणि दुपारी एक वाजता, तिच्या सुट्टीच्या वेळेला, फोन लावला.

तिने तिकडे पान उघडलं. मग म्हणाली, "आई, तू आय दोनपासून काऊन सुरू केला?"

"पयला तर लाभ झाला ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

खरंच तसंच झालं होतं. लाभ मी मनात म्हटला आणि लिहायला दोनापासून बसले.

ती हसली. अशी हसली की मला कानापासून फोन दूर धरावा लागला. नववीत असताना मैत्रिणींसोबत ओसरीवर लोळून हसायची, ते हसू. मग आबाची आठवण निघाली, खळ्यावरच्या भाताच्या गंजीची निघाली, तिने एकदा मोजणी चालू असताना मधेच 'सतरा' ओरडून आबाचा आकडा चुकवला होता त्याची निघाली. फोन ठेवला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. मी तो आकडा रत्नपालला, म्हणजे तिच्या बाबांना, नेऊन दाखवला. "बावीस! पाहा!"

चौथा सराव मला एकटीला आला. हिरवी खूण पाहून मी नाचायचीच बाकी होते. मोठ्या उत्साहाने फोन लावला.

"वा आई, मस्त! ठेवतो मंग."

एक्केचाळीस सेकंद.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शहाण्या बाईला पोरीचा वेळ मिळत नाही, अडलेल्या बाईला मिळतो.

पाचवाही मला आला. हिरव्या खुणेकडे मी जरा वेळ पाहत बसले. मग आयच्या पुढचा एक खोडून तिथे दोन लिहिला, बटण दाबलं, लाल फुली आणली आणि फोन लावला. एकोणीस मिनिटं.

लबाडीच होती, दुसरा शब्द नाही. मनात यायचं, तिकडून तिला दिसलं तर? पण अठ्ठावीस माणसांच्या मीटिंगा करणारी पोरगी आईच्या फुल्या कशाला पाहत बसेल, अशी मीच माझी समजूत घालायची. उरलेले सराव मी पुरवून पुरवून वापरले. तीन-चार दिवसांनी एक. सगळेच खोटे चुकले असं नाही. नवव्यात मी आकडा पुढे न्यायची ओळ लिहायचीच विसरले, तेव्हा लूप थांबेचना, पान गोठलं आणि लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की रत्नपालने धावत येऊन वायर उपटली. "घर पेटवतं का वं?" भूमिकाला ते सांगितलं तर तिला हसता हसता ठसका लागला. अकराव्यात चांदण्यांचा त्रिकोण काढायचा होता, तो मी मुद्दाम उलटा काढला. चौदाव्यात पुन्हा लाभ. प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून समजावून सांगायची, कंटाळा न करता. मी प्रत्येक वेळी आधी विचारायची, "जेवली का?" ती म्हणायची, "जेवली." मग आम्ही सरावाला लागायचो.

फुलीकडून हिरव्याकडे जाताना मला आनंद व्हायला हवा होता. पण एकेक सराव संपला की मी उरलेले मोजत बसायची. वीस झाले की काय निमित्त काढणार होते मी? पोरीशी बोलायला आईला निमित्त लागतं, हे कोणाला सांगायची सोय नाही.

माघात एकोणिसाव्याला आले. बरोबर केला, बिघडवला, एकला फोन लावला. उचलला तो दामिनीने. ती गोंदियाची, भूमिकासोबत एकाच खोलीत राहते आणि एकाच कंपनीत आहे.

"काकू, तिले मॅनेजरनं बुलावलं. फोन माह्याजवळ ठेवून गेली, तुमचा येईन म्हनून."

"मंग करतो नंतर."

"काकू, एक बोलू? राग नका मानू." तिने आवाज खाली केला. "लंचले आमाले आधाच घंटा राहते. तुमचा फोन आला का भूमिका डब्बा झाकून बाजूले ठेवते. मंग तसाच शाम को वापस नेते. तुमी जरा जल्दी शिकून घ्या ना."

मी बरं म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकरू उपाशी ठेवून मी त्याच्याशी गप्पा मारत होते, आणि वर दर वेळी विचारत होते, जेवली का म्हणून.

त्याच दुपारी एकोणिसावा नीट केला. विसावाही बसून केला. लूपच्या पोटात लूप घालून एक ते वीसचे पाढे एकाखाली एक छापायचे होते. दोन तास गेले, मधे लाइन गेली, पण आला. एकचा पाढा सगळ्यात वर, वीसचा सगळ्यात खाली. बटण दाबलं. हिरवी खूण. वीसच्या वीस हिरव्या. मी तिला लिहिलं, "खंडी भरली. आता तुले तरास नाही. दुपारी पोटभर जेवत जाय."

तिचं उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा.

आता मीच सुटका केल्यावर तिने करायचं तरी काय होतं? तरी तो अंगठा मी दिवसभरात दहा वेळा उघडून पाहिला. लॅपटॉप कपड्यात गुंडाळून मशीनच्या बाजूला ठेवून दिला. रविवारी फोन आला. जेवली का, जेवली, बाबा वावरात, ठेवतो. छत्तीस सेकंद. दोन आणखी कमी झाले होते.

संध्याकाळी रत्नपाल हातपाय धुऊन बसला. म्हणाला, "तुही शाळा बंद झाली का?"

"झालं शिकून."

"मंग नोकरीवर कधी जातं?" एरवी मी त्याला दोन ऐकवले असते. आज मी सुईत दोरा ओवत राहिले, तेव्हा त्याने पाण्याचा गिलास खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "दुपारी घरी आलो का तू फोनवर बोलून राहे ना, तवा पोरगी घरातच हाये असं वाटे." मला तिची इतकी आठवण येत होती की तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

मंगळवारी एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. ते संपवून हात मोकळे झाले तेव्हा सव्वा वाजला होता. हीच आमची वेळ. काही करायचं नव्हतं, तरी लॅपटॉप काढला, वायर खोचली. आपल्या हिरव्या खुणा तरी पाहाव्या म्हटलं.

एकोणीस हिरव्या होत्या. वीसपुढे लाल फुली.

आधी वाटलं, यंत्र बिघडलं. उघडून पाहिलं. पाढ्यांचा तक्ता होता, पण एकचा पाढा गायब. तक्ता दोनपासून सुरू होत होता. वर ओळीत पाहिलं. आय बरोबर दोन.

मी ते लिहिलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, त्या दिवशी मी एकच लिहिला होता. रत्नपाल वायर उपटण्यापुरताच त्याला हात लावतो. खाली बारीक अक्षरात वेळ होती: आज, एक वाजून चार मिनिटं.

मी खुर्चीत मागे टेकले. म्हणजे तिला सगळं दिसत होतं. माझा पाचवा आधी हिरवा आणि मग लाल झालेला, उलटा केलेला त्रिकोण, चौदाव्यातला लाभ, सगळं. दिसत होतं, आणि तरी ती डबा झाकून पहिल्यापासून समजावत बसली होती.

फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"हं, बोल आई."

"विसावा चुकला वं," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा म्हणून किती जोर लावला, ते माझं मला माहीत.

"असं का?" तिचं तोंड भरलेलं होतं. डब्याचं झाकण वाजलं. "थांब, घास गिळू दे."

मी थांबले. ती सावकाश चावत होती आणि मी ते ऐकत होते. खूप दिवसांनी माझी पोरगी माझ्यासमोर बसून जेवत होती.

"काऊन चुकला, पाहू आता," ती म्हणाली. "पयल्यापासून मोज बरं."

"लाभ," मी म्हटलं.

तिने दुसरा घास घेतला आणि तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "दोन."