स्टिकरखालचा गरुड

माझा राजीनामा मंजूर झाला. एकमताने, हात वर करून, मार्चमधल्या एका रविवारी दुपारी.

आता हे विसरून जा. मंडळाच्या मते असं काही घडलेलंच नाही, आणि जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या विल्हेल्म्सहाफेन गावात मंडळाचं न ऐकता चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भरती-ओहोटी.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या फोटोंमध्ये नौसैनिकांच्या गणवेशावरची चिन्हं ओळखायची, एवढंच आमचं काम. लोक आपापल्या आजोबांचे फोटो पाठवतात. आम्ही भिंगातून बाही बघतो आणि कळवतो. विजेचा बाण असेल तर बिनतारीवाला, दातेरी चाक असेल तर इंजिनवाला, पिसाच्या दोन लेखण्या असतील तर कारकून. घरच्यांना आजोबा पाणबुडीतला वाघ हवा असतो. तो कारकून निघाला की आभाराचं पत्र येत नाही.

अध्यक्ष ओंकनकाकांचा जन्म जहाजाच्या इंजिनात गेला. त्यांना कुठल्याही डागात दातेरी चाक दिसतं. खजिनदार फ्रेरिक्सबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांना त्याच डागात बँडवाल्यांचं तंतुवाद्य दिसतं. मी फोको, चिटणीस. मला डागच दिसतो. म्हणून तर मला घेतलं.

कुठलंही मत द्यायला, कुठलाही ठराव करायला तिघांचे हात लागतात. शिवाय सभासद तिनाच्या खाली गेले तर कोर्ट नोंदणी काढून घेतं, हा देशाचा कायदा. नोंदणी गेली की मासळीबाजाराच्या माडीवरची आमची खोली नगरपालिकेकडे आणि फोटोंची खोकी कचऱ्यात.

आणि मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेगेन्सबुर्गला, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. तिथे माझी मैत्रीण इमके होती. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "एक तारखेला आलास तर आलास. नाहीतर बस मेलेल्यांच्या बाह्या बघत. दर रविवारी तुझी वाट बघायला मी काही भरती-ओहोटी नाही."

तर त्या रविवारी मी चमचा कपात उभा केला. आमच्याकडे चहा पुरे झाला हे असं सांगतात. चमचा बशीत असेपर्यंत कप भरत राहतात.

"मी मंडळ सोडतोय," मी म्हणालो.

फ्रेरिक्सबाईंनी माझा चमचा काढून बशीत ठेवला आणि कप भरला.

"जा की," ओंकनकाका म्हणाले. "खाली जाताना खोकी पण घेऊन जा. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते."

"काका, ते नौदलाचं म्युझियम आपली खोकी घ्यायला तयार आहे ना?"

"आहे. पण एकही फोटो अनिर्णित नको, अशी त्यांची अट आहे. एक उरलाय. तेवढा निकालात काढ, म्हणजे तू मोकळा."

उरलेला फोटो म्हणजे फोटो क्रमांक एक. याच्यावरून काका आणि बाई इतके भांडले होते की शेजाऱ्यांनी सुचवलं, कोर्टात जाण्यापेक्षा मंडळ काढा. डेकवर एक पोरगा बादली घेऊन उभा आहे. डोक्यावर टोपी नाही, केस वाऱ्यावर. डाव्या बाहीवर चिन्ह आहे आणि फोटोची घडी नेमकी त्याच्यावरून गेलीय. उजव्या छातीवर पांढरा गोल स्टिकर.

स्टिकर आमच्याकडे सगळ्याच फोटोंवर असतो. तिथे गरुड असतो आणि गरुडाच्या पंजात नाझींचं स्वस्तिक. ते कायद्याने उघडं मिरवायचं नाही, म्हणून फोटो आला की आधी स्टिकर लागतो, मग चहा येतो.

"चाक," ओंकनकाका सवयीने म्हणाले.

"तंतुवाद्य," फ्रेरिक्सबाई म्हणाल्या. "दातेरी आहे ती तुमची नजर."

इतकी वर्षं सगळ्यांनी बाहीच बघितली होती. मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी फोटो चहाच्या वाफेवर धरला आणि नखाने स्टिकर सोडवला.

खाली काहीच नव्हतं. गडद कापडावर फिकट ठिपक्यांची रांग, टाके उसवल्याची.

"गरुड कुठाय?" ओंकनकाकांनी मीच खाल्ल्यासारखं विचारलं.

"उडाला," फ्रेरिक्सबाई म्हणाल्या.

मग दोघांनाही कळलं. जर्मनीच्या शरणागतीनंतर इंग्रजांनी याच पोरांना समुद्रातले सुरुंग काढायला लावलं. गणवेश तेच ठेवले, फक्त गरुड उसवून टाकायला लावले. म्हणजे फोटो युद्धानंतरचा.

"स्टिकर कोणी लावला होता?" बाईंनी विचारलं.

"मी," ओंकनकाका म्हणाले.

"खाली न बघता?"

"गरुडाच्या जागी गरुडच असणार ना! त्यात बघायचं काय?"

बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. युद्धानंतरचा ठरून फोटो निकालात निघाला. ओंकनकाकांनी माझा खांदा थोपटला, तिघांनी हात वर केले आणि माझा राजीनामा मंजूर झाला. मी चमचा कपात ठेवला. तो कोणी काढला नाही. चांगलं मिनिटभर मी रेगेन्सबुर्गचा होतो.

मग ओंकनकाकांनी बोट वर केलं.

"मंडळाची कक्षा शरणागतीपर्यंतच. हा त्यानंतरचा. म्हणजे यावर मत द्यायचा मंडळाला अधिकार नाही. मत नाही, म्हणजे फोटो अनिर्णित."

"मग काढून टाका खोक्यातून!" मी म्हणालो.

"मंडळ याच फोटोवरून निघालं, म्हणून तो नियमावलीतच लिहिलेला आहे. नियमावली बदलायला मात्र देशाच्या कायद्याने तीन चतुर्थांश मतं लागतात. तिघांचे तीन चतुर्थांश सव्वादोन. पाव माणूस तू आणतोस?"

"मग तिघंही हात वर करू."

"मी नाही करणार," फ्रेरिक्सबाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "बाहीवर काय आहे ते कळल्याशिवाय मी त्याला बाहेर काढणार नाही. कोणाच्या तरी घरचा पोरगा आहे तो. आणि रविवारी मी यांच्याशी भांडू कशावरून?"

"आणि माझा राजीनामा?"

"सगळं निकालात निघालं या समजुतीवर मंजूर झाला होता," ओंकनकाका म्हणाले. "समजूत चुकली." त्यांनी स्टिकर जिभेने ओला केला आणि त्या पोराच्या छातीवर, जिथे झाकण्यासारखं काहीच नव्हतं तिथे, अंगठ्याने नीट दाबून बसवला.

बाईंनी माझा चमचा बशीत ठेवला.

संध्याकाळी इमकेने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू येत नाहीयेस."

"मंडळाच्या मते—" मी म्हणालो, तोवर फोन बंद झाला होता.

पुढच्या रविवारी मी अर्ज दिला. राजीनाम्यावर स्वतःचा हात चालतो, पण अर्जदाराला स्वतःच्या अर्जावर मत देता येत नाही आणि मंजुरीला हात मात्र तीन लागतात. अर्ज असा:

प्रति, माननीय अध्यक्ष.
विषय: अर्जदारास मंडळाच्या कक्षेबाहेरचा ठरवणेबाबत.
महोदय, अर्जदार शरणागतीनंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेला असून त्याच्या उजव्या छातीवर गरुड नाही, उसवलेल्या टाक्यांच्या खुणाही नाहीत. डाव्या बाहीवर चाक किंवा वाद्य यांपैकी काहीही आढळत नाही. खात्रीसाठी अर्जदार समक्ष हजर आहे. तरी सदर अर्जदार युद्धकाळातील नसल्याने मंडळाने त्यास संग्रहातून वगळावे, आणि तोपर्यंत त्याच्यावर स्टिकर लावू नये, ही नम्र विनंती.