खंडेनवमीची तारीख

उदयसिंहांनी दातात अडकलेला सुपारीचा कण टाचणीनं उकरून काढला, टेबलाच्या कडेला पुसला आणि त्याच बोटांनी एक टाइप केलेला कागद विनितापुढे सरकवला.

"यावर गणूची सही घ्या. मराठीत समजावून सांगा त्याला, म्हणजे उगाच फाटे फुटायला नकोत."

विनितानं कागद कोपऱ्याला धरून उचलला. इंग्रजीत चार ओळी होत्या. चार नंबरच्या मिक्सरचं तेल न बदलताच ते बदलल्याची खोटी नोंद मी केली, हे मला मान्य आहे. खाली सहीसाठी पेन्सिलीची फुली.

"साहेब, यावर सही केली तर त्याची नोकरी जाईल."

"जाईल ना. दोन दिवस प्लांट बंद होता. हेड ऑफिसला कुणाचं तरी नाव द्यायलाच लागणार. आणि नाव मी कुठं देतोय? कॉम्प्युटर देतोय." ते हसले. "तुमचं कन्फर्मेशनचं पत्र पुढच्या आठवड्यात काढू म्हणतो. तेवढं हे उरकून टाका."

हसताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात लाल थुंकी जमली. विनिताला शिसारी आली. ती कागद घेऊन बाहेर आली.

तळोज्याच्या या रंगाच्या कारखान्यात ती वर्षभरापूर्वी टायपिस्ट म्हणून लागली होती. नवीन पनवेलच्या घरात कमावती ती एकटीच, त्यामुळे 'कन्फर्मेशन' हा शब्द घरी देवाच्या नावासारखा उच्चारला जाई. दिवाळीनंतर कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि तो तिच्या गळ्यात पडला. कुठल्या यंत्राला कधी तेल घालायचं, कधी पट्टा बदलायचा हे तो सांगणार, तशी चिठ्ठी छापणार, आणि काम झालं की तिथंच त्याची नोंद करायची. इतकी वर्षं हे सगळं फोरमन कृष्णकांत तीन जाडजूड रजिस्टरांत लिहीत. ते निवृत्त झाले, कॉम्प्युटरपुढे नारळ फुटला आणि त्याच आठवड्यात उदयसिंहांनी ती रजिस्टरं रद्दीत घातली. आता कागदाचं राज्य संपलं म्हणे!

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी पुण्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, दोन माणसांसाठी. आता कुठल्याही शहाण्या माणसानं कोणाला धाडलं असतं? जी बटणं दाबणार तिला आणि जो पाना चालवणार त्याला. गेले कोण, तर कारखान्याचे मॅनेजर उदयसिंह आणि मालकांचा पुतण्या निनाद, ज्यानं जन्मात पाना हातात धरलेला नाही. तिसऱ्या दिवशी दोघं महाबळेश्वर करून आले. परतताना बाकरवडी आणली आणि प्रमाणपत्रं आणली. विनिताच्या वाट्याला बाकरवडीचे दोन तुकडे आले आणि पुस्तिकेची झेरॉक्स. पुस्तिका दोन्ही बाजूंनी छापलेली, झेरॉक्स एकाच बाजूची. प्रत्येक दुसरं पान गायब. हे तिनं सांगितलं तेव्हा निनाद म्हणाला, "अहो, मधलं मधलं अंदाजानं समजतं."

अंदाजानं! कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी विचारू लागला, या यंत्राचं तेल शेवटचं कधी बदललं? तारीख टाकल्याशिवाय पुढे सरकेना. रजिस्टरं रद्दीवाल्याकडे. दोनशे चौदा यंत्रं. विनितानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग तिला सुचलं की खंडेनवमीला तर कारखान्यातलं एकूण एक यंत्र धुऊन, पुसून, तेलपाणी करून, झेंडू वाहून पुजतात. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांना तेल मिळालंच की! तिनं दोनशे चौदा यंत्रांना खंडेनवमीची तारीख दिली. तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं, हे आठवलं की तिला आता मेल्याहून मेल्यासारखं होई.

पूजेचं तेलपाणी म्हणजे वरवरचा हात. गिअरबॉक्सच्या पोटातलं तेल कोण बदलतो खंडेनवमीला? पण हे तिला सांगणार कोण? ज्याला ठाऊक होतं तो फिटर गणू काचेच्या बाहेर. कॉम्प्युटरच्या एसी केबिनला पाटी लावली होती, ग्रीसचे हात आत आणू नयेत.

खंडेनवमीपासून बरोबर तीन महिन्यांनी, जानेवारीतल्या एका सकाळी, सगळ्या यंत्रांची मुदत एकदम भरली. प्रिंटर दुपारपर्यंत कुरकुरत होता आणि कागद जमिनीवर वेटोळी घालत होता. पडदा लालभडक. गुरुवारी ऑडिटर यायचे होते.

"लाल काही दिसता कामा नये," उदयसिंह म्हणाले. "झाली म्हणून टाका सगळी."

"पण साहेब, झालेली नाहीत."

"होतील हो हळूहळू. टाका तुम्ही."

काम कोणी केलं तेही कॉम्प्युटरला हवं होतं. यादीत एकच नाव होतं, गणूचं. नमुना म्हणून निनादनं तेवढंच भरलं होतं आणि दुसरं कसं भरायचं ते सुटलेल्या पानांत असणार. विनितानं बटण दाबलं. गणू भोईरनं एका संध्याकाळी दोनशे चौदा यंत्रांचं तेल बदललं. पडदा हिरवा झाला, सुटलो एकदाचे म्हणून तिनं चहा मागवला.

दुसऱ्याच दिवशी गणू काचेवर टकटक करत उभा होता. "बाय, चार नंबर वरडतोय. तेल पायजे. स्टोअरवाला देत नाय, बोलतो कॉम्प्युटरची चिठ्ठी आन."

चिठ्ठी निघेना. काम झालं आहे, असं कॉम्प्युटर म्हणत होता. ती उदयसिंहांकडे गेली. त्यांनी चार बटणं दाबली, मान डोलावली आणि म्हणाले, "ऑडिट होऊ दे, मग बघू." एकदा बंद केलेलं काम उघडायचं कसं, हे त्या पाच दिवसांतून काही त्यांच्याबरोबर आलं नव्हतं. ऑडिट झालं, शाबासकी मिळाली, कोणी काही बघितलं नाही. गणू चार वेळा आला, चार वेळा परत गेला. मग सोमवारी चार नंबरचा गिअरबॉक्स जाम झाला आणि रंगाचा अख्खा घाणा आतल्या आत खरवसासारखा थिजला.

आता गणू केबिनच्या पायरीवर बसला होता. उरणच्या खाडीकाठचा माणूस, एकोणीस वर्षं इथं फिटर. कागद बघून तो उठला.

"काय लिवलंय, बाय? तुमीच वाचा. तुमी सांगाल तिथं करतो सही."

विनिताला वाटलं, यापेक्षा यानं शिवी घातली असती तर बरं. "लिहिलंय की तुम्ही तेल घातलं नाही आणि घातलं म्हणून खोटं लिहिलंत."

गणूनं कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. "मी कदी लिवलं? मना तर आत पन येऊ देत नाय."

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तुमच्या नावानं. आणि तारखाही मीच घातल्या, खंडेनवमीच्या."

गणू चिंध्यांच्या बोळ्यानं एकेक बोट पुसत राहिला.

"मना इचारायचं ना, बाय," तो शेवटी म्हणाला. "येकेक मशीन तोंडपाठ हाय. दोन दिसांत लिवून झालं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. ती कागद घेऊन टाइपरायटरपाशी जाऊन बसली. तिनं तो फाडला नाही, बाजूला ठेवला आणि दुसरा कागद चढवला. इंग्रजी तिचं बरं होतं. यंत्रांच्या नोंदी मी चुकीच्या भरल्या, गणू भोईर यांचा त्यात काहीही संबंध नाही, ही पहिली ओळ. मग बाकीचं. तारखा कुठून आल्या. झाली नसलेली कामं झाली असं दाखवायला कोणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी. तेल चार वेळा कोणी मागितलं आणि का मिळालं नाही. मला हे काम कोणीही शिकवलेलं नाही. शिकायला गेलेल्या दोघांची ही नावं, आणि बंद केलेलं काम उघडायला त्यांनाही येत नाही. तिनं खाली सही केली. कन्फर्मेशन गेलं, हे तिला सही करतानाच कळलं.

उदयसिंह डबा उघडून बसले होते. बोटांना रस्सा लागलेला, म्हणून त्यांनी कागद कोपरानं दाबून पहिली ओळ वाचली. त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही स्वतःहून? वा. हे तर फारच बरं झालं. गणूमागं युनियन उभी राहिली असती, महिनाभर कटकट. तुमचं काय, तुम्ही प्रोबेशनवर." डाव्या हातानं त्यांनी पेन काढलं. "घरी काय सांगायचं ते तुम्ही बघा बाई, मी काही वाईट शेरा मारणार नाही."

"खालचं वाचून घ्या, साहेब."

"कळलं हो. माफीबिफी असणार." त्यांनी 'पुढील कार्यवाहीसाठी' असं लिहून झोकात सही ठोकली. सहीवर पिवळा डाग पडला. "आत्ताच्या आत्ता फॅक्स करा हेड ऑफिसला. मालक स्वतः वाट बघतायत."

मागच्या वेळी हिरवा पडदाही त्यांनी असाच, जेवता जेवता बघितला होता. खालचं वाचा, हे एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा विनितानं सांगितलं नाही. तिनं कागद यंत्रात घातला, नंबर फिरवला आणि शेवटची ओळ आत जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

बाहेर गणू अजून थांबला होता. काय झालं, हे त्यानं विचारलं नाही.

"बाय, सहा नंबरपन वरडायला लागलाय सकालपासून," तो म्हणाला. "तेलाची चिठ्ठी मिलंल का?"

विनितानं काचेतून आत पाहिलं. पडदा हिरवागार होता, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा.

"नाही मिळणार, गणूदादा," ती म्हणाली. "मला काढता येत नाही."