यकृताचा उजवा भाग

डॉक्टरांनी पडद्यावरच्या यकृतावर बोट फिरवलं आणि भोवतीच्या शिकाऊ पोरांनी माना डोलावल्या. यकृत ताईचं होतं, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"रक्तगट जुळतो, आकार पुरेसा. रुग्णाचं अख्खं यकृत काढायचं, दात्याचा उजवा भाग तिथे बसवायचा. रक्तवाहिन्या, पित्तनलिका जोडायच्या. काही महिन्यांत दोघांचंही यकृत वाढतं. दात्याला धोका?"

"कमी, सर," एक चष्मेवाली म्हणाली.

"कमी म्हणजे शून्य नव्हे."

ताई गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्यांशेजारी जीव मुठीत धरून बसायची तिला सवय होती, पण तिथे ब्रेक तिच्याही पायाखाली असायचा. बाहेर आईनं 'भावाला ताई देतेय' असं गोतावळ्यात सांगूनही टाकलं होतं. भावापायी ताईची खोली गेली, कॉलेज गेलं, तेही आईनं असंच परस्पर ठरवलेलं.

डॉक्टरांनी पोरांना बाहेर पिटाळलं, चष्मेवालीला तेवढं थांबवलं. "हेही शिकून घे." मग ताईला विचारलं, "तुम्हाला द्यायचंय का?"

"नाही." इतकं पटकन आलं की तिलाच धडकी भरली.

"मग विषय संपला. बाहेर सांगतो, तपासणीत बसत नाही. घरच्यांचा राग नको तुमच्यावर. आम्ही नेहमी असंच करतो."

ताईला हायसं वाटलं, ते दारापर्यंतच. काचेतून धाकटी बहीण दिसली. तिचाही रक्तगट तोच. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि आई उगाच कुणाच्या पाठीवरून हात फिरवत नाही.

"नको," ताई म्हणाली. "मी बसत नाही म्हटलंत, की आई हिला बसवेल."

"तिलाही एकटीला विचारू."

"ती आईच्या शब्दाबाहेर जात नाही. मान डोलावून मोकळी होईल."

ताईनं दार उघडलं. "आई, माझं यकृत ठणठणीत आहे. जुळतंय. पण मी देणार नाही."

"अगं, सख्खा भाऊ तुझा! मरेल तो!"

भावावर ताईचा जीव होता, हेच तर वाईट. "मृत दात्याच्या यकृतासाठी यादीत नाव आहे त्याचं. रोज येईन, उशाशी बसेन. पण माझं पोट मी कापू देणार नाही. आणि हिचं कापायचं तर आधी हिला विचारायचं."

"तिला काय विचारायचंय?" आई फटकन म्हणाली.

धाकटीनं पाठीवरचा हात बाजूला केला.

"विचार ना, आई," ती म्हणाली.