चमक उतरवलेला लाल ओटा

मित्रांनो, मी एक जुना लाल ओटा आहे. ओट्याने आपली कहाणी सांगावी हे ऐकून हसू नका. माझ्या पाठीवर जे घडलं ते माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

झिंबाब्वेत बुलावायोहून ग्वांडाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव लागतं. माझ्या मालकिणीचं नाव माचुमा. तिचा नवरा गवंडी. त्याने सिमेंटमध्ये लाल रंग कालवून मला घडवलं, गुळगुळीत घोटलं आणि मग तो जोहान्सबर्गला कामाला गेला. तेव्हापासून दर शनिवारी माचुमा गुडघे टेकून मला लाल पॉलिश चोळायची आणि तिची मुलगी नोबुखोसी वरून ब्रश फिरवायची. आमच्याकडे ओट्यावरून घरच्या बाईची पारख होते. आलेल्या बायका आधी मला न्याहाळायच्या, मग घरच्यांची विचारपूस करायच्या. खोटं कशाला सांगू, मी पुरता शेफारलो होतो.

एका हिवाळ्यात तरसाने आमच्या तीन शेळ्या नेल्या. ते कळल्यावर नवऱ्याने माल वाहणाऱ्या गाडीतून गाद्या आणि तेलाच्या डब्यांबरोबर एक पिल्लू पाठवलं. मोठ्या जातीची राखणदार कुत्री होती ती. पंजे एवढे थोराड, की आईचे उसने मागून आणलेत असं वाटावं!

आमच्याकडे कुत्र्याच्या नावातून शेजाऱ्यांना टोमणा मारतात. माचुमाची जाऊ मागुमेडे कुंपणापलीकडे राहते. 'लोक काय म्हणतील?' हे तिचं पालुपद. म्हणून माचुमाने पिल्लाचं नावच ठेवलं बाझोथिनी, म्हणजे आमच्या भाषेत 'लोक काय म्हणतील?'

"बाझोथिनीऽ, ये गं!" माचुमा मुद्दाम कुंपणाशी जाऊन ओरडायची.

"कुत्रीला बोलावताय की मला?" पलीकडून जाऊबाई विचारायची.

"ज्याला लागेल त्याला!"

पिल्लू धावत यायचं, आणि माझ्यावर पाय ठेवताच त्याचे चार पाय चार दिशांना जायचे. सगळे पोट धरून हसायचे. मला मात्र हसू येईना. तिच्या मागच्या पायांची ओढाताण मला सोसवत नव्हती. त्यात माझ्यावरून खाली धाडकन उडी, आणि तरस येईल या धास्तीने माचुमा तिला मक्याचा घट्ट शिजवलेला गोळा चरबी घालून पोट फुगेस्तोवर भरवायची. महिन्याभरात बाझोथिनी सकाळी उठताना लंगडू लागली.

मी ठरवलं, ही चमक मला नको. पण ओट्याच्या ठरवण्याला कोण विचारतो? मी बारीक भेगा उघडून पॉलिश पिऊ लागलो. माचुमाला वाटलं, ओटा कोरडा पडतोय. ती दुप्पट चोळू लागली!

गुरांना गोचीड मारायच्या औषधात बुडवण्याचा दिवस होता. त्यासाठी गावात आलेले जनावरांचे डॉक्टर न्याथी वाटेत थांबले. त्यांनी बाझोथिनीचे मागचे पाय हलवून पाहिले.

"हिचे सांधे अजून कोवळे आहेत. रोज घसरून खुबा सैल पडत चाललाय."

"मग इंजेक्शन द्या," माचुमा म्हणाली.

"इंजेक्शन कसलं? हे पॉलिश काढा. उड्या बंद करा. खाणंही बेतानं, हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. आणि दीड वर्षाची होईतो शेळ्यांमागे पळवायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तरस येईल आणि ही दारात बसून बघेल."

पण त्याच शनिवारी नोबुखोसीला मागणी घालायला मंडळी यायची होती. शुक्रवारी ती पॉलिशचा डबा मांडीवर घेऊन माझ्यावर बसून राहिली. पाहुण्यांसाठी आधीच चोळून ठेवलेला मी लखलखत होतो.

मागुमेडे कुंपणाशी आली. "पाहुणे जाईपर्यंत तरी राहू द्या. चार दिवसांनी काय बिघडतंय? असा भुंडा ओटा पाहून... बाझोथिनी?"

आपलं नाव ऐकलं आणि पिल्लू शेपूट हलवत तिच्याकडे धावलं. माझ्या मधोमध त्याचे मागचे पाय फाकले. ते कमरेवर आपटलं आणि असं किंचाळलं की मागुमेडेचा हात तोंडावर गेला. त्या क्षणी माझे शंभर तुकडे झाले असते तरी मला चाललं असतं.

माचुमाने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"आई, ते मला न्यायला येतायत, ओट्याला नाही," नोबुखोसी म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

मायलेकींनी सोडा, वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन मला खरवडून काढलं. झोंबलं खूप. तरी मी मनात म्हणत होतो, अजून घासा, एवढंही ठेवू नका! मागुमेडेने कुंपणावरून चार पोती टाकली आणि निघून गेली. माचुमाने ती अंथरली आणि पायरीला मातीचा उतार बांधला.

पाहुणे आले. रिवाजाप्रमाणे फाटकाबाहेर ताटकळले, टोमणे खाल्ले, मग आत आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने माझ्यावर पाऊल घासून पाहिलं.

"पॉलिश संपलं वाटतं?"

"काढून टाकलं, बाबा. घरात वाढतं पिल्लू आहे."

"बरं केलंस पोरी. मागच्या सोयरिकीत मी असल्याच ओट्यावर आडवा झालो होतो. अजून कंबर धरते!"

सगळे खळखळून हसले आणि बोलणी सुरू झाली.

माचुमाने पुढे वर्षभर नेटाने तेच केलं. बरगड्या चाचपून वाढलं, उडी मारू दिली नाही, हट्टाला भीक घातली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिन्हीसांजेला तरस शेळ्यांच्या कुंपणाशी आलं. माझ्यावर पहुडलेली बाझोथिनी उठली. तिच्या मागच्या पायांनी माझ्या खरखरीत पाठीला असा दणकट रेटा दिला की मी हादरलो. पाऊल तसूभरही सरकलं नाही. तरसाने तिला पाहिलं मात्र, ते आल्या वाटेने पळालं. सगळ्या शेळ्या जागच्या जागी होत्या.

आता मला कुणी सुंदर म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या फरशा माझ्यापेक्षाही गुळगुळीत असतील. पिल्लू घसरलं तर हसू नका. उठा आणि त्याच्या पायाखाली एखादं पोतं तरी अंथरा.